ओळख पटली

लेकीला दऱ्या आणि शहरं दाखवायची म्हणून नवरा-बायको हौसेने गाडी घेऊन निघाले होते. पण शहराबाहेर पडायचं वळण चुकलं आणि दोघांची जी जुंपली, ती पेट्रोलपंप आला तरी थांबेना. तिथे दोघं तणतणत उतरले, मागोमाग चार वर्षांची चिमीही उतरली. तिला दुसऱ्याने बसवलं असेल असं धरून दोघांनी धाडकन दारं लावली आणि गाडी सुटली. घाटात दरी दिसल्यावर "चिमे, बघ!" म्हणत आई वळली, तर मागची सीट रिकामी!

जीव मुठीत धरून ते परत आले. चिमी पंपावरच्या बाईंच्या कडेवर होती, खांद्यात तोंड खुपसून.

"अशी नाही देणार!" बाई कडाडल्या. "कशावरून तुमचीच? बाळा, बघ बरं, हेच का तुझे आई-बाबा?"

चिमीने मान वर केलीच नाही.

"निघताना मागे वळून बघता येत नाही तुला?" नवरा बायकोवर खेकसला.

"आणि तुझे डोळे कुठे गेले होते? सगळं मीच बघायचं का?"



तोंड तसंच खांद्यात ठेवून चिमी म्हणाली, "हो. हेच आहेत."