चौथी पुडी

शिलाई कारखान्यातून या महिन्यात आलेली ही चौथी पोर. तक्रार तीच, पाळीचा पत्ता नाही. काढ्याच्या पुडीसाठी शेपा आणि तीळ कुटता कुटता मी म्हणाले, “काय गं, सगळ्याजणी ठरवून आजारी पडलात की काय? तिथे खाता तरी काय?”

“पाळीत पोट दुखलं की एक पांढरी गोळी देतात, आजी. मग सुट्टी घ्यावी लागत नाही. पाकीट मात्र कधी दाखवत नाहीत.”

माझा बत्ता थांबला. “घाबरू नकोस. माझी लेकच तिथे सुपरवायझर आहे. गोळ्या वाटणाऱ्याची ती बिनपाण्यानं हजामत करील.”

पोर खाली बघत म्हणाली, “गोळ्या सुपरवायझर बाईच वाटतात, आजी. तुमच्याकडेही त्यांनीच पाठवलं. म्हणाल्या, माझ्या आईच्या हाताला गुण आहे.”