फुलांचे काळेपांढरे फोटो

"फुलांचे काळेपांढरे फोटो? श्रद्धांजलीच्या जाहिरातीत द्यायचेत का?"

भाऊसाहेबांनी पहिला फोटो टेबलावर उलटा टाकला. अडुळशाचं फूल होतं, इतक्या जवळून काढलेलं की पाकळीची शीर न् शीर मोजता यावी. समोर त्यांची मुलगी सुनीती उभी होती. वय एकतीस, नोकरी सोडून आठ महिने झालेले. दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आठ महिने बापलेक तोंड उघडत होते ते एकमेकांना टोचायलाच.

आज सोक्षमोक्ष लागायचा होता. वनस्पतींवर काम करणाऱ्या एका संस्थेनं सुनीतीला दोन वर्षांचं काम देऊ केलं होतं. दिल्लीच्या रिजवरच्या, म्हणजे खडकाळ टेकड्यांवरच्या, जंगलात आपोआप उगवणाऱ्या फुलांचे असेच फोटो, एका पुस्तकासाठी. उत्तर आज कळवायचं होतं. आणि उद्या सकाळी नोएडात इंटरव्ह्यू होता. तो भाऊसाहेबांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला, दिनकररावांना सांगून जमवलेला.

"एकदा सगळे फोटो बघा, मग तुम्ही म्हणाल ते करीन," असं सुनीती सकाळी बोलून बसली होती. आता तिला स्वतःच्या जिभेचा राग येत होता.

कारण बाबा खोटं बोलत नव्हते, हेच तर खरं दुखणं. कथक दोन वर्षांत सुटलं. सी.ए. पहिल्याच ग्रुपला अडलं. नोएडाच्या चॅनलमधली नोकरी जेमतेम तीन वर्षं टिकली. दर वेळी भाऊसाहेबांचं एकच वाक्य, "तेरड्याचा रंग तीन दिवस." दिल्लीच्या शाळेत वाढलेल्या सुनीतीला लहानपणापासून वाटायचं, तेरडा म्हणजे टेढा. वाकड्या पोरांचा रंग तीन दिवसांत उडतो, असलं काहीतरी. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मराठी येत नाही म्हणून वेगळी बोलणी बसली असती. अर्थ मात्र तिला पाठ होता. तू टिकणार नाहीस. हल्ली तिलाही ते पटायला लागलं होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती.

भाऊसाहेब अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. फाइल निकालात काढावी तसा एकेक फोटो ते बाजूला सारत होते.

"आघाडा. हे तर तण आहे, माळी उपटून फेकतो. पुढे. हे काय, झुरळ?"

"कळी आहे."

"अच्छा. रंगीत काढायला काय झालं होतं? कॅमेऱ्याला परवडत नाही का?"

"रंग असला की लोक रंगच बघतात, बाबा."

"चलो, आता तत्त्वज्ञानही सुरू झालं."

अकराव्या फोटोवर मात्र त्यांचा हात थांबला. पानाआड लटकलेलं एक नाजूक फूल. मागे बारीक, वळलेली नळी, हत्तीच्या पिल्लाच्या सोंडेसारखी. पाकळीच्या कडेला एक थेंब, आता पडेल की मग पडेल असा. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. खणातून भिंग काढलं.

"हे कुठलं?"

"रिजवरचंच. नर्सरीवाले जुनी माती टाकून जातात, त्यात उगवलंय. गार्ड गुलमेहंदी म्हणतो. नोकरी होती तेव्हापासून दर रविवारी जायचे. असं मिळायला तीन पावसाळे गेले."

"हे जमलंय," भाऊसाहेब म्हणाले. आवाज क्षणभर वेगळाच होता. मग त्यांनी तो जागेवर आणला. "याला म्हणतात टिकणारी गोष्ट. हा एक ठेव, बाकीचे रद्दीत दे. एका फोटोवर दोन वर्षं निघत नाहीत. तू पुन्हा अर्ध्यातून पळणार आणि मला लोकांना तोंड दाखवावं लागणार. उद्या नऊला नोएडा. तुझं काय, तेरड्याचा रंग तीन दिवस."

सुनीतीनं फोटो गोळा करायला घेतले. शब्द दिला होता. 'ठीक आहे' एवढंच म्हणायचं उरलं होतं.

तेवढ्यात चंद्रप्रभाकाकू चहा घेऊन आल्या. भाऊसाहेबांच्या चुलतभावाची बायको, साताऱ्याहून पंधरा दिवसांसाठी आलेली. ट्रे ठेवता ठेवता त्या त्या फोटोवर वाकल्या.

"अगं बाई, तेरडा किती गोड काढलायस."

"काय काढलाय?" बापलेकींनी एकदमच विचारलं.

"तेरडा. ही मागची नळी बघा, हे कातरलेलं पान. गौरीला आणतो की आम्ही दर वर्षी. भावोजी, तुम्ही नाही ओळखलात?"

भाऊसाहेबांचा जन्म दिल्लीतल्याच गोल मार्केटच्या सरकारी क्वार्टरमधला. म्हण त्यांच्या वडिलांबरोबर साताऱ्याहून दिल्लीला आली होती. फूल आलं नव्हतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "रंग नाही ना याला," ते काकूंकडे न बघता म्हणाले. "रंग असता तर ओळखला असता."

सुनीतीनं मोबाइल उघडला. संस्थेला लिहून ठेवलेला होकार सकाळपासून तसाच पडला होता. तो तिनं पाठवला. मग वडिलांच्या पुढ्यातला फोटो उचलून घेतला.

"तीन दिवसांत जायचा तो रंग मीच काढून टाकला, बाबा. उरलाय तो तेरडा."