सगळी उत्तरं बरोबर

"चारही बटणं हिरव्या स्लाइडला जोडलीस?" अश्वजितने बायकोच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं. "म्हणजे काहीही दाबलं तरी बरोबरच?"

"फक्त ब्रांडलसाहेबांच्या प्रश्नांना," क्रांती म्हणाली. "बाकीच्यांना चुकलं की लाल."

"याला मराठीत लबाडी म्हणतात."

"माहितेय."

जर्मनीत रेगेन्सबर्गमधल्या तिच्या कंपनीत गाड्यांचे सेन्सर बनत. तिच्या विभागातून एक माणूस कमी होणार, अशी कुजबुज चालली होती. त्यातच बॉस झाइडलबाई, तिथल्या रीतीने फ्राउ झाइडल, म्हणाल्या, "टीम-डेसाठी एक क्विझ बनवा. दोन संघ करा. ज्याच्या त्याच्या कामावरचे प्रश्न विचारा. कोणाला काय येतं, ते मलाही कळेल." त्या हसतच बोलल्या होत्या, पण क्रांतीला काळजी लागली.

कारण कोण जाणार, हे तिला उघड दिसत होतं. ब्रांडल विभागात सगळ्यांत जुने. सेन्सर तपासायच्या जुन्या यंत्राची, टेस्ट-बेंचची, नस न् नस त्यांना ठाऊक. पण अलीकडे त्यांचं कशात लक्ष नसायचं. मीटिंगमध्ये डोळे मिटायचे, साधे आकडे चुकायचे, दुपार झाली की घड्याळाकडे बघायला लागायचे. विचारलं तर "हो, हो, सगळं ठीक आहे," एवढंच.

क्रांती नवीन होती तेव्हा तिला कोणी घर देत नव्हतं. फोनवर नाव ऐकलं की जागा गेलेली असायची. शेवटी ब्रांडल स्वतः तिच्याबरोबर एका घरमालकाकडे गेले आणि "या मुलीची हमी माझी" म्हणून तो किल्ल्या देईपर्यंत सोफ्यावर बसून राहिले. ते ती कशी विसरणार?

म्हणून तिने त्यांच्यासाठी टेस्ट-बेंचचेच प्रश्न काढले. त्या यंत्रातलं त्यांच्याशिवाय कोणाला काही कळत नव्हतं. उत्तर चुकलं तरी पकडणार कोण?

टीम-डेला ब्रांडलची पाळी आली तेव्हा क्रांतीने त्यांचा पहिला प्रश्न वाचला. बेंच तापला तर आधी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा?

"क," ब्रांडल लगेच म्हणाले.

क्रांतीने बटण दाबलं. हिरवी स्लाइड. टाळ्या पडल्या. ब्रांडलच्या कपाळाला मात्र आठी पडली.

पुढच्या प्रश्नाला ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अ." हिरवी. तिसऱ्याला "ड." तीही हिरवी. त्यांच्या संघातली तरुण मंडळी टेबलं बडवायला लागली. ब्रांडलनी मान वळवून क्रांतीकडे रोखून पाहिलं. त्यांना कळलं, तिच्या मनात आलं. ती किंचित हसली.

"अरे वा, ब्रांडलसाहेब!" फ्राउ झाइडल टाळ्या वाजवत उठल्या. "तुम्ही मला चांगलंच चकवलंत की!"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर क्रांतीने अश्वजितला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तुझी लबाडी कामी आली म्हणायची." कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

सोमवारी ब्रांडल कॉफी मशीनपाशी उभे होते. कप भरून कधीचाच तयार होता, त्यांनी उचललेला नव्हता.

"फ्राउ गजभिये," ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझी सगळी उत्तरं चुकीची होती."

"मला अंदाज होताच," तीही कुजबुजली. "काळजी करू नका, कोणाला कळायचं नाही. तुमची नोकरी वाचली, एवढं पुरे."

"वाचली खरी." ते म्हणाले. "माझी बायको आता फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. नुसता राजीनामा दिला तर पेन्शन हातची जाते. म्हणून लवकर निवृत्ती द्या, असा अर्ज मीच केला होता. माझ्यावाचून इथलं काही अडत नाही, एवढं फक्त फ्राउ झाइडलना पटायला हवं होतं."

त्यांनी गार झालेला कप उचलला.

"आज सकाळी त्यांनी अर्ज नामंजूर केला."