बोटभर तोकडी फळी

फळी पुन्हा बोटभर तोकडी पडली.

ओरिनने ती दोन्ही हातांनी भोकावर धरली होती. अख्ख्या होडीला आता तेवढं एकच भोक उरलं होतं. फळीच्या टोकाशी फट राहिली आणि त्या फटीतून व्हर्ननचा वैतागलेला डोळा दिसला. व्हर्नन ओरिनचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, लेटीचा, धाकटा भाऊ. फळी जखडणारे रिवेट बाहेरून ठोकताना आतून लोखंड टेकवून धरायला तो रोज खाडीपलीकडून येई.

"ही चौथी," तो आतूनच म्हणाला. "चांगल्या पाइनच्या चार फळ्या चुलीत घातल्यास. उद्या माप मी घेतो, तू नुसता ठोक."

"माप मीच घेणार," ओरिन म्हणाला आणि त्याने फळी खाली ठेवली.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने म्हटलं त्याने होडी बांधली नसणार. ओरिन आणि लेटीची ही तीस फुटी शिडाची होडी अकरा वर्षं परसात आकार घेत होती. तिच्यापायी घर गळत राहिलं, कारण छपराचं सामान आलं की ते आधी होडीच्या शेडवर चढायचं. ट्रक गंजून गेला. दोघं कधी कुठे फिरायला म्हणून गेली नाहीत. पण रिवेट ठोकायला दोन माणसं लागतात, एक बाहेर हातोडी घेऊन, एक आत लोखंड टेकवून. आणि अकरा वर्षं आतलं माणूस लेटी होती. मधे फळीचं अंतर ठेवून दोघं दिवसभर गप्पा मारायची. असा संसार गावात दुसऱ्या कुणाचा झाला नाही, आणि गाव त्यावर थोडं जळायचं, हेही खरं.

मग लेटीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतची मुदत दिली. त्या किनाऱ्यावरची रीत अशी, की शेवटची फळी बसली की सगळ्यांनी होडीभोवती जमायचं आणि रम प्यायची. पहिला घोट बांधणाऱ्यांचा. इस्पितळातून घरी आल्या आल्या लेटीने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की माझा घोट घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही. सगळे हसले. ओरिन तेवढा हसला नाही.

ईस्टर आला आणि गेला. सफरचंदांचा मोहर गळाला. आता स्ट्रॉबेऱ्या पिकल्या होत्या आणि लेटी अजून खिडकीशी, उशांना टेकून, शेडकडे डोळे लावून होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. कूस बदलताना ती ओठ चावायची. बाई शब्दाची पक्की, असं गाव कौतुकाने म्हणायचं आणि त्याच दमात ओरिनला नावं ठेवायचं. चाळीस वर्षं गावाच्या होड्या बांधल्या, आणि बायकोची एवढी एक इच्छा पुरवायची तर हात लटपटतात मेल्याचे. म्हातारा झाला, असं कुणी म्हणे. रम फळीच्या आधीच पोटात जात असेल, असंही कुणी म्हणे. ओरिन सगळं ऐकून घ्यायचा.

त्या दुपारी तो हात धुऊन चहाचा कप घेऊन तिच्यापाशी गेला.

"बसली?" लेटीने विचारलं.

"बोटभर कमी पडली."

"आणि मागची?"

"तीही."

त्याने कप तिच्या ओठांशी नेला. तिने मान फिरवली.

"ओरिन, अकरा वर्षं मी तुझ्या फळ्या आतून बघितल्यात. उजेडाची रेघ कधी दिसली नाही मला. आणि अरे, अनाडी सुतारसुद्धा चुकला तर फळी लांब ठेवून चुकतो. लांब फळी छाटता येते. तू चार वेळा चुकलास, आणि चारही वेळा बोटभर तोकडीच."

ओरिनने कप खाली ठेवला.

"तूच म्हणाली होतीस," तो कसाबसा म्हणाला. "हलणार नाही म्हणून."

"मग हलले का?" तिने त्याचा हात धरला. त्या हाताला अजून लाकडाचा वास होता. "पण आता नाही रे सोसवत. या वेळी माप बरोबर घे."

ओरिनने तिच्या पांघरुणात तोंड लपवलं आणि तो पोटभर रडला. लेटी त्याच्या केसांतला भुसा वेचत राहिली.

शनिवारी गाव जमलं. लेटीला खुर्चीसकट उचलून शेडमध्ये आणलं. ओरिनने पाचवी फळी भोकावर धरली, लाकडी हातोडीचा एक हलका ठोका दिला, आणि फळी आत जाऊन बसली. सुई जाईल एवढी फट राहिली नाही. बाहेरून त्याने रिवेट ठोकले, आतून व्हर्ननने लोखंड धरलं. शेवटचा रिवेट बसल्यावर लेटीने पहिला घोट घेतला आणि ग्लास ओरिनपुढे केला. त्याने तो नुसता ओठांना लावला आणि तिच्या हातात परत दिला.

व्हर्नन कपडे झटकत होडीतून उतरला. फळीवरून त्याने हात फिरवला, ओरिनच्या पाठीत एक थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बघ, मनावर घेतलंस की कसं जमतं!"