फिरत्या टाकीमागची खुर्ची

"मी आत मेलो तरी दार उघडायचं नाहीस," टिपणीससर सकाळी म्हणाले होते. "बाहेरचा वारा शिरला की आठवडाभराची मोजमापं वाया."

"तुम्ही गेलात तर माझ्या प्रबंधावर सही कोण करणार?" शलाकाने विचारलं, तेव्हा सर खो खो हसले होते.

आता ती शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसली होती. आत पाण्याने भरलेली काचेची टाकी, खालून तापवलेली, वरून गार ठेवलेली, गरगर फिरत होती. कॅमेराही टाकीबरोबरच फिरत असल्यामुळे पडद्यावर टाकी स्थिर दिसे आणि तिच्यामागून खोली फिरे. खिडकी, कपाट, खुर्चीत बसलेले सर, पुन्हा खिडकी.

पाण्यातले भोवरे निरखताना तिला दिसलं, सरांनी हात वर केलाय. थट्टाच असणार, म्हणून तीही हसली. पुढच्या फेरीतही हात वरच होता. त्यापुढच्या फेरीत तो छातीवर होता. मग खिडकी आली, कपाट आलं आणि रिकामी खुर्ची आली.

शलाकाने धावत जाऊन दार उघडलं. सर जमिनीवर घामाने निथळत पडले होते. त्यांचे ओठ हलले. "दार लाव आधी."

आणि तिचा हात खरोखरच मागे, कडीकडे गेला.

त्या हाताकडे ती क्षणभर, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं पाहत राहिली. मग तिने सरांची खुर्ची ओढून दारात अडकवली आणि सताड उघड्या दारातून मदतीसाठी हाका मारू लागली.