उसनी गोगलगाय

शर्यतीत आता दोघीच उरल्या होत्या आणि दोघींनाही पुढं जायचं नव्हतं.

शाळेच्या मैदानावर सावकाश सायकलची शर्यत चालली होती. चुन्याच्या दोन रेघांमधून सायकल न्यायची, पाय जमिनीला लागला की बाद, आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. लाल हाऊसचा गडी पहिल्याच मिनिटाला आडवा झाला. हिरव्यांची मुलगी सवयीनं भरभर गेली आणि सगळ्यांच्या आधी पोचून हरली. राहिली ती निळ्यांची कॅप्टन, दहावीतली. आणि तिच्या शेजारच्या पट्ट्यात आठवीतली एक मुलगी, जिला सगळी शाळा गोगलगाय म्हणायची.

गोगलगायही निळ्यांचीच. पण आज तिच्या दंडावर पिवळी फीत होती. पिवळ्यांची सायकलवाली तापानं घरी पडली होती, आणि पीटीच्या सरांचा नियमच होता, की ज्यांचा गडी कमी त्यांनी दुसऱ्या हाऊसमधून उसना मागावा, आणि ज्यांच्याकडे मागितला त्यांनी नाही म्हणू नये. पिवळ्यांनी नेमकी निळ्यांची राखीव खेळाडू मागितली. कॅप्टननं स्वतःच्या हातानं तिच्या दंडाला फीत बांधली आणि वर म्हणाली, "जा बाई, सासरी नीट वाग."

तेव्हा सगळे हसले होते, कारण तेव्हा निळे अकरा गुणांनी पुढं होते. मग ते रस्सीखेच हरले, पिवळे जिंकले, आणि दोघं बरोबरीला येऊन ठेपले. आता ही एकच शर्यत उरली होती, आणि जिंकणाऱ्या हाऊसला वर्षाचा कप मिळणार होता. पाच वर्षांत निळ्यांनी तो कप कपाटाच्या काचेतूनच पाहिला होता, आणि कॅप्टनचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष होतं. तिला कप हवा होता. अगदी जिवापाड हवा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

सायकली बोट बोट सरकत होत्या. कॅप्टनची दोन्ही मनगटं ब्रेक दाबून भरून आली होती. बाकांवरून निळ्यांचा एकच गिल्ला चालला होता.

"टेकव! गोगलगाय, पाय टेकव!"

सगळ्यांत वरचा आवाज पाचवीतल्या लवंगीचा. मूठभर पोरगी, पण ओरडली की शाळेची घंटासुद्धा ऐकू येत नसे. "अगं, तू आपली आहेस ना? टेकव की मग!"

त्यांना गप्प करावं असं कॅप्टनच्या मनात आलं. पण तिनं केलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला बरंच वाटत होतं.

मग शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. कॅप्टननं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. गोगलगाय रडत होती, पण तिची सायकल जमिनीत रोवल्यासारखी स्थिर होती. तोल जायचं नाव नव्हतं. तरी तिचा डावा पाय पेडलवरून सुटला आणि हळूहळू खाली निघाला.

आता फक्त गप्प राहायचं होतं, फार तर दोन सेकंद. नियम कुठं मोडत नव्हता, कुणी नावं ठेवली नसती, आणि कप आपल्या पायानं चालत निळ्यांकडे येत होता.

"पाय वर घे," कॅप्टन पुटपुटली.

गोगलगायीला ऐकूच गेलं नाही. पाय आणखी खाली आला.

या शर्यतीत मान वळवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे कॅप्टनइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं पुरती मान वळवली.

"गोगले, पाय वर घे म्हणते ना! असली हार घेऊन माझ्याकडे येऊ नकोस!"

गोगलगायीचा पाय दचकून पेडलवर चढला. त्याच दमात कॅप्टनचं हँडल फिरलं, पुढचं चाक रेघेवर गेलं, आणि तिचा उजवा पाय धपकन जमिनीवर आला.

शिट्टी वाजली. पिवळे मैदानात घुसले.

"काय गं?" सर जवळ येऊन म्हणाले. "एवढी पक्की तू, आणि तुझा पाय कसा टेकला?"

"तोल गेला, सर."

सरांनी तिचं ओरडणं ऐकलं होतं.  त्यांनी तिची सायकल आपल्या हातात घेतली, म्हणजे तिला दोन्ही हात डोळे पुसायला मोकळे मिळाले.

बाकांपाशी निळ्यांत सुतक पडलं होतं. लवंगी तर गाल फुगवून बसली होती.

"ताई, तू बोललीसच कशाला? तोंड मिटून राहिली असतीस तर कप आपला होता!"

"होता," कॅप्टन म्हणाली आणि तिच्याशेजारी टेकली.

मैदानाच्या मधोमध पिवळे कप नाचवत होते. गोगलगाय त्यांच्यातून बाहेर पडली होती. फीत सोडून तिनं हातात धरली होती, आणि निळ्यांच्या बाकांकडे जावं की जाऊ नये, अशी ती अर्ध्या वाटेत उभी होती.

"उद्यापासून ती परत आपल्यातच बसणार ना?" कॅप्टन म्हणाली. "वर्षभर मान खाली घालून बसली असती गं."

 गाल तसेच फुगवून लवंगी बाकावर जराशी सरकली आणि मध्ये एकीपुरती जागा केली.