खालून बोलायचं नाय

त्र्याण्णवच्या दिवाळीत पेणला आलेल्या सर्कशीनं कसरतींमागचा सराव दाखवणारा खेळ लावला. सर्कशीतल्या उस्तादांकडे महिनाभर शिकलेली अनिताची नऊ वर्षांची मुलगी प्रतिक्षाही त्यात दोरावर चढणार होती. उस्तादांनी अनिताला आणि तिच्या सासूला बजावलं, “खालून ‘सांभाळ’ म्हणायचं नाय. घरचा आवाज आला की पोर खाली बघते आणि हात सुटतो.” “मी कशाला बोलतेय?” सासूबाई फणकारल्या. प्रतिक्षा तंबूच्या टोकाला पोचली आणि उलटी होताना पाय सटकून एका हातावर लोंबकळली. “अगो, सां...” सासूबाईंनी तोंड उघडलं, तोवर अनितानं तळहातानं गच्च दाबलं. पोरीनं दुसऱ्या हातानं दोर धरला. टाळ्या पडल्या. चारचौघांत सासूचं तोंड दाबलं! अनितानं दचकून हात काढला. “चुकलं, आई.” सासूबाईंनी तोच हात पुन्हा तोंडावर ओढला. “ऱ्हाऊ दे गो. पोर अजून उतरायची हाय.”